मासळीचा काटा

चारशे वीस पौंड.
बिल मी उलटं धरून पाहिलं,
सुलटं धरून पाहिलं.
सोळा इंची चाकं. घंटी वेगळी घ्यायची.
लोरेन म्हणाली, बाबा, ॲल्युमिनियमची आहे.
म्हटलं, पातेलीही असतात.
चौदा दिवसांत परत करता येते, ती म्हणाली.
म्हणजे मला बोलायला चौदा दिवस होते.

एकतीस वर्षं काढली रोलिंग मिलमध्ये.
आमच्या शेफील्डात वजनाला मान होता;
हलका माल म्हणजे वाईट माल,
मला एवढाच अर्थ ठाऊक.
आणि आता हलक्यालाच भाव.

सुपरमार्केटातली मी आधीच आणली होती,
नव्वदला. जांभळी,
मुठींना झिरमिळ्या, पुढे टोपली.
टॅन्सीला फार आवडली होती.
टोपलीत ती दगड ठेवायची, कधी गोगलगायी.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

गॅरेजमध्ये मासे तोलायचा काटा आहे,
तलावावर कार्प पकडायचो तेव्हाचा.
लोरेनची जिरवायची म्हणून
दोन्ही सायकली त्याला टांगल्या.
जांभळी अकरा किलो.
नवी साडेपाच.
मग टॅन्सी म्हणाली, आता मला.
कमरपट्ट्याला धरून लटकवली;
हसत होती, काटा स्थिर होईना.
शेवटी सतरा.

रात्री कॅलेंडरच्या पाठीवर त्रैराशिक मांडलं.
तिचे सतरा, माझे ऐंशी.
तिला अकरा, तर मला किती?
बावन्न.
बावन्न म्हणजे बेरिल होती तेवढी.
बेरिलला मागे बसवून मी सपाटीवरसुद्धा
दिव्याच्या दुसऱ्या खांबापाशी दम खायचो,
आणि ती हसायची, आणि मी तरुण होतो.

तेव्हा तो काटा घशात अडकला.

लोरेन सात वर्षांची. लाल सायकल,
मिलमधल्या नळ्यांची, मीच वेल्डिंग केलेली.
रणगाडा आहे, असं सांगत फिरायचो.
चढाच्या वळणावर ती उतरायची.
मी वरून ओरडायचो,
लाव ना जोर, आळशी कुठली.
ब्रेकचा दांडा तिच्या बोटांना पुरायचा नाही,
तेही मी तिच्या भित्रेपणाच्या खात्यात जमा केलं.
दहाव्या वर्षी तिने सायकल सोडली ती सोडलीच.
चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
तिला आवडच नाही.

आता पैशांचं.
दीड वर्षात टॅन्सीचे गुडघे हँडलला लागतील.
मग ही विकायची. खालच्या गल्लीतल्या
ओकाफोरांनी धाकट्यासाठी आत्ताच नंबर लावलाय.
अडीचशे सहज येतील, लोरेन म्हणते.
जांभळीचे पाचही यायचे नाहीत.
म्हणजे हिचा तोटा एकशे सत्तर,
तिचा पंच्याऐंशी.
हिशेब अजून माझ्याच बाजूचा आहे.
तो मी बोललो नाही.
निम्मे पैसे मुकाट्याने
बिस्किटांच्या डब्याखाली ठेवले.

रविवारी टॅन्सी न उतरता वळणापर्यंत गेली.
तिथे थांबली. वाटलं, संपला दम.
गोगलगाय होती.
ती एका मुठीत धरून
एका हाताने ब्रेक दाबत खाली आली,
दोन बोटांत दांडा, अगदी सहज,
आणि म्हणाली, हिला टोपलीच नाही.

जांभळीची टोपली मी सोडवली,
नटबोल्टांसकट काट्याला लावली.
सहाशे ग्रॅम.
लोरेन दारात उभी होती.
चालतील का, मी विचारलं.
ती काही बोलली नाही.
भिंतीवरच्या पान्यांतून
दहा नंबरचा काढून दिला,
न शोधता.